भोंगा वाजला होता की नव्हता

मंदाताई, तुझ्या तेराव्याला मी जेवले नाही, घास घशाखाली उतरेना म्हणून भरल्या ताटावरून उठले, असं तुझी जाऊ सगळ्यांना सांगते आहे. मला ते काल आपल्या कंपनीतल्या सुलभाने फोनवर सांगितलं, तेही रडवेल्या आवाजात. वास्तविक मी व्यवस्थित जेवले. जिलबी दुसऱ्यांदा मागून घेतली. उठले ती हात धुवायला, आणि परत आले तोवर पंगत उठली होती. पण तुझ्या जावेने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय म्हटल्यावर माझं कोण ऐकणार? तू असतीस तर पहिला फोन तुलाच केला असता. तू म्हणाली असतीस, राहू दे गं, तेवढीच तुझी अब्रू वाढली.

आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलीस. माणूस गेलं की भांडण मिटतं, असं लोक समजतात. माझा अनुभव उलटा आहे. आता दोन्ही बाजू मलाच सांभाळाव्या लागतात. गेले काही दिवस बसमध्ये, ऑफिसात, भाजी निवडताना मी तुझी बाजू मांडते, मग माझी मांडते, आणि नेहमीप्रमाणे तूच जिंकतेस.

ज्यांना आपण दोघी माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल. तू म्हणशील, माझीच गोष्ट मला काय सांगतेस. ऐकून घे.

पुण्यात नगर रस्त्यावर आपली कंपनी होती. रेडिओ आणि टेपरेकॉर्डरला लागणाऱ्या कॉइल तिथे तयार व्हायच्या. वाइंडिंगला, म्हणजे तार गुंडाळायच्या खात्याला, सगळ्या बायका. लांबलचक टेबलं, पाठ नसलेली स्टुलं आणि केसाहून बारीक तांब्याची तार. तू शनिवार पेठेतून कंपनीच्या बसने यायचीस, इस्त्रीची साडी, डब्यात मोजून घडी घातलेल्या पोळ्या. मी खराडीतून शेताच्या बांधावरून चालत यायचे. खराडी तेव्हा गाव होतं. मी टेबलावर सगळ्यात लहान, बोलणं गावाकडचं, आणि पहिल्या दिवशी तार इतक्यांदा तुटली की मी रडायच्या बेतात होते. तू माझ्या उजव्या हाताला बसायचीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तार तुटली तर नवीन घ्यायची. तोंड पाडल्याने जोडली जात नाही." मी म्हटलं, बरं मंदाताई, तुम्ही म्हणाल तसं. त्यावर तू म्हणालीस की ताई म्हण, पण तुम्ही नको, तुम्ही म्हटलं की मला मीच सासू झाल्यासारखं वाटतं.

त्यानंतर आयुष्यात मला बऱ्याच लोकांनी बरंच काही शिकवलं, काहींनी प्रोजेक्टर लावून. तुझ्या त्या एका वाक्याइतकं कामाला काहीच आलं नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बस, आता चहा टाक.

आणि भोंगा. कंपनीचा भोंगा हे सगळ्या भागाचं घड्याळ होतं. माझी आई सकाळच्या भोंग्याला भात चढवायची, संध्याकाळच्या भोंग्याला वडील मळ्यातली मोटर बंद करायचे. आत आपल्याला एकच नियम होता. भोंगा होईपर्यंत स्टुलावरून उठायचं नाही. काम संपलं असलं तरी, पाठ मोडली असली तरी. नवीन मुलींना तू तो नियम सांगायचीस तेव्हा मंगळागौरीचे खेळ शिकवल्यासारखा सांगायचीस.

मग परदेशी माल यायला लागला. तसा एक रेडिओ साहेबांनी उघडून आपल्यासमोर ठेवला होता. आत एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर टिकल्यांएवढे ठिपके, तारेचं एकही वेटोळं नाही. तू ती पट्टी उलटसुलट करून पाहिलीस आणि म्हणालीस, "ह्यात आपण कुठेच नाही." साहेब हसले. तू हसली नाहीस. वर्षभराच्या आत कंपनी बंद होणार हे ठरलं.

शेवटच्या दिवसाबद्दल आपलं इथपर्यंत एकमत आहे. सकाळी तारेची रिळं उचलून नेली होती, त्यामुळे हाताला काम नव्हतं. युनियनच्या पुढाऱ्याने बजावलं होतं की भोंगा होईपर्यंत एकीनेही जागा सोडायची नाही, जी आधी उठेल ती स्वतःहून गेली असं कंपनी म्हणेल आणि बाकीच्यांच्याही भरपाईचं बिघडेल. म्हणून आपण रिकाम्या टेबलांवर रिकामे हात ठेवून दिवसभर बसलो. परीक्षेला पेपरच आला नाही तर मुली बसतील, तशा.

इथून पुढे तुझी वाट वेगळी आणि माझी वेगळी.

मला आठवतं ते असं. सुट्टीची वेळ झाली. भोंगा वाजला नाही. वाजवायला कोणी उरलंच नसेल, किंवा कोणाच्या लक्षात राहिलं नसेल. आपण बसून राहिलो. वरच्या खिडक्यांतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग माझ्या उजव्या बाजूला स्टूल फरशीवर घासल्याचा आवाज आला आणि तू म्हणालीस, "चला गं." तू उठलीस, म्हणून मी उठले, आणि मग सगळ्या.

तुला आठवत होतं ते असं. भोंगा वाजला. रोजच्यापेक्षा लांब वाजला. आणि आपण सगळ्या एकदम उठलो.

युनियनची माणसं नंतर विचारत फिरली, आधी कोण उठलं. तू त्यांना तोंडावर सांगितलंस की भोंगा झाला आणि उठलो, आधी-नंतर काही नाही. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. मला वाटलं, तू स्वतःला वाचवते आहेस, आणि वाचवावंच. प्रकरण थंड पडलं. युनियन मोडली, पुढारी बिल्डर झाला, त्याला आता भोंगा म्हणजे काय हे तरी आठवत असेल का, शंकाच आहे. मग मला वाटायला लागलं की आता भ्यायचं कारण काय? आता खरं सांगावं. एवढ्या बायका एका भोंग्याची वाट बघत अडकून पडल्या होत्या आणि एकीने त्यांना सोडवलं, ही काय लपवायची गोष्ट आहे?

पण तू कबूलच होईनास. "वाजला गं भोंगा. तुझे कान कुठे होते?"

दर संक्रांतीला तुझ्याकडे वाइंडिंगच्या बायकांचं हळदीकुंकू असायचं. शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आपण सगळ्या मावायचो कशा, हे मला आजही कळलेलं नाही. तिळगूळ, वाण, अत्तर, आणि मग कोणीतरी शेवटच्या दिवसाचा विषय काढायचं. मी सुरुवातीला लक्ष देऊन ऐकायचे. पहिल्या संक्रांतीला निम्म्या जणींना भोंग्याचं काही आठवत नव्हतं. पुढच्या खेपेला बहुतेकींना थोडंसं ऐकू आल्यासारखं वाटत होतं. आणखी काही वर्षांत सगळ्यांना तो ऐकू आला होता, शिवाय रोजच्यापेक्षा लांब. सुलभा तर डोळे पुसत म्हणाली की त्या भोंग्याने माझ्या काळजात अजून चर्र होतं.

मी म्हटलं, "सुलभा, तू त्या दिवशी बाळंतपणाला बार्शीला होतीस."

 सुलभा बोटांवर महिने मोजून म्हणाली, "हो की. पण मला आठवतो गं."

तू मला स्वयंपाकघरात ओढून नेलंस आणि झापलंस. मी तुला सांगत होते की तुझी पद्धतच चुकीची आहे, एकेकीला वेगळं बसवून विचारायला पाहिजे, दहा जणींना एका सतरंजीवर बसवलं की दहा जणींना एकच आठवतं. तू हळदीकुंकवाचं तबक माझ्या हातात दिलंस. "ही काय पोलीस चौकी आहे? बायका तिळगूळ घ्यायला आल्यात. दे नेऊन." मी ते नेऊन दिलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या सतरंजीवर बसून मीही एकदोनदा कान देऊन पाहिलं, ऐकू येतोय का. नाही आला.

मी पुढे कॉम्प्युटरचा क्लास केला. तूच मागे लागलीस, नाहीतर माझं लग्न लावून द्यायची घरी तयारी होती. लग्न झालं, पण आधी क्लास झाला. ऑफिसांतून कामं करत करत मी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ॲडमिनमध्ये आले. गंमत अशी की त्या कंपनीने पुढे जी नवीन इमारत घेतली ती आपल्या कंपनीच्या जागेवर उभी आहे. काचेची, तेरा मजल्यांची. माझ्या वडिलांचा मळा रस्त्यापलीकडे होता, तिथे आता वेगळ्या कंपनीचं पार्किंग आहे. मी ह्याचं दुःख करत नाही. ह्याच इमारतीतल्या पगारावर माझी मुलं शिकली.

तुला एकदा ती इमारत दाखवायला आणलं. खाली सिक्युरिटीवाल्याने तुझा फोटो काढला, नाव लिहून घेतलं, गळ्यात पास अडकवला. तू पास वाचून बघितलास आणि त्याला म्हणालीस, "आधी आम्हाला इथून बाहेर जायला पास लागायचा. आता आत यायला लागतो. सुधारणा आहे." त्या बिचाऱ्याने थँक यू मॅडम म्हटलं.

लॉबीत आल्यावर तू चारी बाजूंना बघितलंस आणि कॉफीच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिलीस. इथे माझं स्टूल होतं, म्हणालीस. मी म्हटलं, नाही, वाइंडिंग पलीकडे होतं, लिफ्टच्या बाजूला. तू म्हणालीस, खिडक्या ह्या अंगाला होत्या. मी म्हटलं, खिडक्या पश्चिमेला होत्या आणि पश्चिम तिकडे आहे. कॉफी घ्यायला आलेली पोरं कप घेऊन खोळंबली. शेवटी तू म्हणालीस, बरं, तू तुझ्या जागी उभी राहा, मी माझ्या जागी राहते. आपण दोघी लॉबीच्या दोन टोकांना उभ्या राहिलो. शेजारी बसणाऱ्या दोघी, मध्ये एवढं अंतर. तू लांबून ओरडलीस, "एवढ्या लांबून मी तुला तार कशी दिली असेल गं?" तेव्हा मी जेवढं हसले तेवढं ऑफिसात कधी हसलेले नाही.

ह्या वर्षी कंपनीने ठरवलं की लॉबीतल्या एका भिंतीवर ह्या जागेचा इतिहास लावायचा. पूर्वी इथे काय होतं, कोण काम करत होतं. जुनं माणूस म्हणून माझ्याकडे काम आलं. मी तुला फोन केला. म्हटलं, शेवटच्या दिवसाबद्दल तुझ्या नावाने एक वाक्य लागेल. मी तर वाक्य तयारही ठेवलं होतं, 'भोंगा वाजला नाही, तेव्हा मंदाताई उठल्या.' तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "भोंगा वाजला असं लिही. नाहीतर काही लिहू नकोस."

मी म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही.

"खरं लिहायला तू तिथे होतीस?"

"होते की."

"मग झालं तर. मीही होते." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणालीस, "घाई काय आहे? भिंत कुठे पळून जाते?"

भिंत नाही पळाली. त्याच आठवड्यात सकाळी मेघाचा फोन आला. तुझी मेघा, शांतपणे बोलत होती, तुझीच मुलगी. मी पैसे, डॉक्टरांचा दाखला, गाडी, कोणाला कळवायचं, ही सगळी कामं केली. कामं असली की मला बरं असतं, तुला ठाऊक आहे.

आता तेराव्याची गोष्ट. मी हात धुवायला मागच्या बाजूला गेले, तिथे मेघा पिंपातून पाणी काढत होती. मी तिला भिंतीचं सांगितलं. म्हटलं, आईच्या नावाने काय लिहायचं ते तू ठरव, तिला भोंगाच पाहिजे होता. मेघाने माझ्याकडे पाहिलं.

"पण मावशी, भोंगा वाजलाच नव्हता ना? आई तर तसंच सांगायची."

मी विचारलं, कोणाला?

"घरी. बाबांना. त्या दिवशी ती आली आणि चपला न काढता स्वयंपाकघरात बसली. म्हणाली, आम्ही बसूनच राहिलो असतो, पण शोभा उठली. सगळ्यात लहान पोर, ती उठली." मग मेघा थोडं हसली आणि तुझी नक्कल करत म्हणाली, म्हणजे तू करायचीस ती माझी नक्कल, "चला, काय न्हाय आता हितं."

मंदाताई, तुमच्या घरात कोणी असं बोलत नाही. मीही आता बोलत नाही. पण तेव्हा असंच बोलायचे.

मी मेघाला विचारलं, नक्की मी? आईच उठली असेल. ती म्हणाली, मला तरी असंच आठवतंय, पण मी तेव्हा चौथीत होते, आणि आई तुझी नक्कल तर नेहमीच करायची. मग आतून तिला कोणी हाक मारली आणि ती गेली. मी तिथे नळाशी उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मी हात धुतले होते की धुवायचे होते, ताटात जिलबी उरली होती की संपली होती, हे आता मला शपथेवर सांगता येणार नाही. तुझ्या जावेचंही कदाचित बरोबर असेल.

तेव्हापासून मी तो दिवस पुन्हा पुन्हा उलगडून बघते आहे. ऊन भिंतीवर जातं. स्टूल घासतं. उजवीकडून घासतं, हे मला अगदी स्पष्ट ऐकू येतं. "चला गं" हा आवाज तुझा आहे. माझा आवाज मला कुठेच ऐकू येत नाही. पण स्वतःचा आवाज माणसाला आठवतो तरी का? आणि ज्या सुलभाला बार्शीत भोंगा ऐकू आला, तिच्यापेक्षा माझे कान शहाणे आहेत, हे मला कोणी सांगितलं?

मेघाचं खरं असेल तर मला सगळं पुन्हा मांडावं लागेल. पुढारी आमच्याच गावचा होता. माझं लग्न ठरायचं होतं. आधी मी उठले असं बाहेर पडलं असतं तर गावात मला राहू दिलं नसतं. मग युनियनच्या लोकांपुढे तू वाजवलास तो भोंगा माझ्यासाठी वाजवलास. मी मात्र इतकी वर्षं तुला समजावत होते की घाबरू नकोस.

पण मग तू मला एकटीला तरी का नाही सांगितलंस? स्वयंपाकघरात, तबक हातात देताना? की सांगून सांगून तुलाच तो ऐकू यायला लागला? सगळ्यांना आला, तुलाही आला असेल. किंवा मेघाचं चुकत असेल, आणि तू उठलीस, आणि घरी नवऱ्यासमोर माझं नाव पुढे केलंस, कारण स्वतःचं नाव पुढे करायची तुला सवयच नव्हती. ह्यातलं काहीही असू शकतं. विचारायला होतं ते एकच माणूस, आणि त्याच्याशी भांडण्यात मी वेळ घालवला. तरी तो वेळ वाया गेला असं म्हणणार नाही. मला त्या भांडणाची फार सवय झाली आहे.

परवा भिंतीचा मजकूर द्यायचा होता. डिझाइन करणारी ऋतुजा पंचविशीची आहे, हुशार आहे, तुला आवडली असती. मी तिला दोन वाक्यं दिली. वर तुझं: 'भोंगा वाजला आणि आम्ही सगळ्या उठलो. मंदा, वाइंडिंग.' खाली माझं: 'भोंगा वाजला नाही. कोणीतरी उठलं, म्हणून आम्ही उठलो. शोभा, वाइंडिंग.'

तुझ्या वाक्याला मी हात लावला नाही. माझ्या वाक्यात आधी तुझं नाव होतं, ते काढलं. एवढंच तुझ्यासाठी करता आलं.

ऋतुजाने दोन्ही वाचली. "मॅम, हे कॉन्ट्रॅडिक्ट होतंय. लोक कन्फ्यूज होतील. एक फायनल करूया ना? दोघींपैकी एकीचं तरी चुकतंय."

मी म्हटलं, चुकत असेल. दोन्ही लाव.

ती जायला निघाली आणि दारातून परत वळली. "आणि हे 'कोणीतरी'? तिथे नाव टाकलं तर जास्त पर्सनल वाटेल. कोण होतं ते?"

"राहू दे," मी म्हटलं. "ते आमचं अजून ठरायचंय."